सुलट कुठून?

काकांच्या नाण्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक तपकिरी पाकीट आलं. पाकिटावर काकांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात एकच शब्द होता : ‘बाद’. आत वाकलेली, घासलेली, भोकं पडलेली नाणी. नाणी जमवणाऱ्या माणसाच्या लेखी भोक पडलं की नाणं संपलं. काका तर नाण्याला बोटाचा ठसा लागला तरी कळवळायचे, कडेला धरा, कडेला धरा म्हणून ओरडायचे. तेव्हा हे पाकीट त्यांनी फेकून दिलं नाही याचंच मला नवल वाटलं. त्या पाकिटात एक तांब्याचं जाडजूड नाणं होतं, तळहातावर ठेवलं तर चांगलं जाणवेल असं. एका बाजूला लाटांच्या वर बसलेली, हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन. दुसरी बाजू घासून सपाट केलेली आणि त्यावर बारीक टिंबांनी काढलेली दोन इंग्रजी अक्षरं, सभोवती टिंबांचंच एक कडं. बाकी काही नाही. ना तारीख, ना नाव, ना बदाम, ना पक्षी. डब्ल्यू आणि एच.

मी त्याला विल्यम म्हणायला लागले. म्हणजे आधी नुसतंच, चिठ्ठीवर लिहायला काहीतरी हवं म्हणून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये डब्ल्यूवरून नाव म्हटलं की पहिला विल्यमच आठवणार. मग दोन-तीन आठवड्यांत त्या विल्यमला वय आलं, अंगावर कपडे आले, एक गुन्हा आला, दूर जाणारं जहाज आलं. मी चिठ्ठी लिहून तयार ठेवली : ‘डब्ल्यू. एच., बहुधा विल्यम’. एका संध्याकाळी भाची टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. तिनं मान वाकडी न करता, आहे तिथूनच वाचलं, “एच. एम. म्हणजे कोण गं आत्या?” मी म्हटलं, “डब्ल्यू. एच. आहे ते.” ती म्हणाली, “नाही, एच. एम.” आणि मी नाणं तिच्या बाजूनं फिरवून पाहिलं. डब्ल्यू उलटा झाला की एम होतो, आणि एच तर कुठूनही एचच. भाचीला त्यात काही विशेष वाटलं नाही, ती माझा चार्जर घेऊन निघूनही गेली.

तेवढ्यात विल्यमची हॅना झाली होती.

हॅनासुद्धा माझीच. हॅरिएट असेल, हेन्री असेल, ह्यू असेल. पण त्या संध्याकाळी मला जे झोंबलं ते नावाचं नव्हतं. इतके दिवस भिंग डोळ्याला लावून बसले आणि नाणं एकदाही फिरवून पाहिलं नाही, ते झोंबलं. आपण ज्या बाजूला बसलो तीच सुलट बाजू, असं मी न विचारता धरून चालले होते.

खरं तर ओळख पटवण्याचा पहिला टप्पा मी नीट पार पाडला होता, त्याचा थोडा गर्वही होता. हे नाणं कोणतं, हे सांगणं सोपं होतं. १७९७ सालची ब्रिटिश पेनी. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टननं वाफेच्या यंत्रांवर पाडलेली. रुंद, वर उचललेली कड आणि त्या कडेत आत दाबलेली अक्षरं, त्यामुळे लोक तिला गाडीचं चाक म्हणत. व्यास ३६ मिलिमीटर, वजन बरोबर एक औंस, म्हणजे २८.३ ग्रॅम. तिच्या जोडीला दोन पेनीचं नाणंही निघालं होतं, ते दोन औंसांचं, खिशात ठेवायचं की दाराला अडसर म्हणून लावायचं असा प्रश्न पडावा असं. पेनी मोठी, तांबं मऊ, आणि हाताशी सहज येणारी, म्हणून आठवणीदाखल नाणं घासून त्यावर अक्षरं कोरणाऱ्यांची ती फार लाडकी होती. माझ्या नाण्याची ब्रिटानिया शाबूत असल्यामुळे तिच्या खालच्या कडेत साल वाचता आलं. पण दोन्ही बाजू घासून टाकलेली नाणीही असतात, आणि तिथे खरी मजा. वजनावर भरवसा ठेवता येत नाही, कारण घासताना वजनच तर उडवलेलं असतं. काकांनी पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, २५.८. म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम कमी. त्यात घासलेल्या बाजूवरचा तिसरा जॉर्ज राजा गेला, आणि खिशाखिशांतून फिरताना झिजलं तेवढं तांबं गेलं. व्यास मात्र सहसा टिकून असतो, कारण चेहरा घासणारा कडेला कशाला हात लावेल? आणि कड बोलते. १७९७ च्या पेनीची कड साधी, गुळगुळीत. पुढे १८०६-०७ मध्ये निघालेली पेनी दिसायला तशीच, पण हलकी, १९ ग्रॅमच्या आतबाहेर, व्यास ३४, आणि तिच्या कडेच्या मधोमध तिरप्या बारीक रेघांची खाच. चेहरे पुसलेल्या दोन नाण्यांतला फरक असा कडेवरून कळतो. अमेरिकेतल्या चांदीच्या डाइमचंही, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याचंही तसंच. १८३७ ते १८९१ या काळातली, बसलेल्या लिबर्टीची, जेमतेम १८ मिलिमीटरची ती पातळ नाणी. एक बाजू घासून त्यावर एकमेकांत गुंतलेली वेलबुट्टीची अक्षरं कोरायची आणि मग ती ओळीनं जोडून हातात घालायची, अशी एक लाटच तिकडे आली होती. ती अक्षरं तर इतकी वळणांची असतात की तीनपैकी पहिलं कोणतं आणि आडनावाचं कोणतं, हे ठरवता ठरवता डोळे दुखावेत.

म्हणजे नाणं ओळखता येतं. टांकसाळ, राजा, साल, धातू, सगळं. ही माहिती छापील आहे, कुणीही शोधावी. पण नाण्याचा जो भाग कुणीतरी मुद्दाम पुसला, तोच तेवढा आपल्याला ओळखता येतो, असं काहीतरी विचित्र त्यात आहे. राजा मला नावानिशी माहीत आहे. ज्याच्यासाठी राजा पुसला तो माहीत नाही.

पुसणं म्हणजे किती पुसणं, हे बघायला मी तांब्याची एक गोल चकती आणली. नाणं नव्हे, साधी चकती. तिच्यावर एक जुनं चिन्ह उठवलेलं होतं, ते घालवायचं ठरवलं. आधी कानस, मग पॉलिश पेपर, आधी जाड दाण्याचा, मग बारीक. पाच मिनिटांत चकती इतकी तापली की फडक्यात धरावी लागली. बोटांना तांब्याचा तो आंबूस, रक्तासारखा वास लागला, साबणानं दोनदा हात धुतले तरी रात्री उशीवर येत होता. तासाभरानं चिन्ह गेलं, पण मध्यभागी खोलगट राहिलं आणि कडेला उंच, म्हणजे समान घासणं हेसुद्धा कसब आहे. मग सुईनं अक्षर काढायला गेले. सरळ रेघ ओढली की सुई घसरते, आणि घसरली की अक्षराला शेपूट फुटतं, ते मिटत नाही. शाळेत कंपासपेटीच्या झाकणावर मी कर्कटकाच्या टोकानं स्वतःची आद्याक्षरं कोरली होती, तेव्हाही असंच एक शेपूट फुटलं होतं आणि वर्षभर वर्गात सगळे मला वेगळ्याच अक्षरानं हाक मारत होते. मग तेव्हा जे सुचलं तेच आताही केलं : रेघ ओढायची नाही, टिंबं मारायची. टोक उभं धरायचं, वरून हलका ठोका. टिंब जिथे मारलं तिथेच राहतं. एकेक टिंब, आणि टिंबाशेजारी टिंब. ज्याच्याकडे कोरायची हत्यारं नाहीत, हात शिकलेला नाही, पण वेळ भरपूर आहे, त्याची ही पद्धत. माझ्या एका वेड्यावाकड्या अक्षराला चाळीसेक टिंबं लागली. मग भिंगाखाली काकांचं नाणं घेऊन मोजत बसले, दोन अक्षरं आणि कडं मिळून दोनशेच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं.

एवढ्या टिंबांमुळेच मला विल्यम सुचला होता, हे कबूल करायला हवं. इंग्लंडातून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत एक लाख साठ हजारांहून जास्त माणसं तिकडे पाठवली गेली. सात वर्षं, चौदा वर्षं, नाहीतर जन्मभर. शिक्षा झाल्यावर जहाज मिळेपर्यंत तुरुंगात किंवा नांगरलेल्या जुन्या गलबतांवर महिनोन्‌महिने जात. तिथे ही नाणी घासली जायची, कोरली जायची, आणि मागे राहणाऱ्यांच्या हातात दिली जायची. स्वतः कैदी कोरायचा किंवा हात बसलेला दुसरा एखादा कैदी त्याच्यासाठी कोरून द्यायचा. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून अधिक नाणी आहेत. त्यांवर साखळदंड आहेत, जहाजं आहेत, बाण लागलेले बदाम आहेत. आणि एक ओळ पुन्हा पुन्हा येते, तिचा अर्थ एवढाच की हे दिसेल तेव्हा माझी आठवण काढ. ती ओळ त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असणार, जशी आपल्याकडे पत्राच्या शेवटी एकच ठरलेली ओळ सगळे लिहायचे. कवितेच्या मानानं ती साधीच. पण ज्याला लिहिता येत नाही अशा माणसानं दुसऱ्याकडून ती टिंबाटिंबांनी काढून घेतली, असा विचार केला की ती ठरलेली ओळ ठरलेली वाटत नाही.

ही कैद्यांची नाणी ओळखता येतात, त्याचं कारण त्यांच्यावर नाव असतं, वय असतं, कधी शिक्षेची तारीख आणि मुदतही असते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तान्त १६७४ ते १९१३ पर्यंतचे आज घरबसल्या वाचता येतात, जहाजांवर चढवलेल्या कैद्यांच्या याद्याही आहेत. नाव, वय आणि साल जुळलं की नाण्यावरचा माणूस एकदम समोर उभा राहतो, त्यानं काय चोरलं होतं त्यासकट. सरकारनं त्याला पकडलं नसतं तर तो आपल्याला कधीच सापडला नसता. दप्तरात नाव यायला काहीतरी गुन्हा करावा लागतो. नुसतं प्रेम केलं तर कोण नोंद ठेवणार? माझ्या विल्यमवर मी गुन्हा लादला तो यासाठीच. गुन्हेगार असता तर मला मिळाला असता. ही लालूच अगदी सहज होते, आणि बाजारात तिचा फायदा घेणारेही आहेत. जुन्या घासलेल्या पेनीवर आज नवं नाव, नवी तारीख, एखादा साखळदंड कोरला की तिचं मोल वाढतं. असं नाणं ओळखायला तिरपा उजेड लागतो. नव्या चरांच्या कडांना बारीक कंगोरे असतात, बोटाच्या पेराला खरखर लागते, चराचा तळ चकचकीत असतो. जुन्या चरात नाण्याइतकाच काळपटपणा उतरलेला असतो आणि अक्षराचे उंचवटे नाण्याच्या बाकी पृष्ठभागाबरोबरच झिजलेले असतात. माझ्या नाण्याच्या टिंबांत हिरवट कळंक बसलेला आहे. तो काढायचा मोह मला पहिल्याच दिवशी झाला होता, चिंचेचं पाणी वगैरे डोक्यात आलं होतं. काकांचा आवाज कानात आला म्हणून थांबले. काढला असता तर जुनेपणाचा एवढा एकच साक्षीदार मी स्वतःच्या हातानं पुसला असता.

अक्षरांचं म्हणाल तर तीही फसवतात, फक्त उलटी धरल्यावर नव्हे. त्या काळी ‘जे’ या इंग्रजी अक्षराच्या जागी सर्रास ‘आय’ कोरत, म्हणजे ‘आय’ दिसला की आयझॅक नव्हे, जॉन, जेम्स किंवा जेन. तीन अक्षरं त्रिकोणात असली, एक वर आणि दोन खाली, तर वरचं आडनावाचं, खालची दोन नवऱ्याची आणि बायकोची. सतराव्या शतकातल्या इंग्लिश दुकानदारांच्या टोकनांवर ही रीत सर्रास दिसते. असं एखादं त्रिकोणी कोडं सुटलं की फार बरं वाटतं, एकदम घरात शिरल्यासारखं. माझ्या नाण्यावर मात्र दोनच अक्षरं. ती एकाच माणसाची की दोघांची, हेही सांगता येत नाही. एक डब्ल्यू आणि एक एच. किंवा एक एच आणि एक एम. चार माणसं या दोन अक्षरांत आळीपाळीनं राहतात.

मी बरेच उपाय केले. एचची आडवी रेघ वर सरकलेली आहे का, ते पाहिलं. टिंबं मोजली, वर आणि खाली तंतोतंत तेवढीच. एमचे पाय फाकलेले आहेत, पण त्या काळी फाकलेल्या पायांचा एमही कोरत. दोन अक्षरांच्या मधलं टिंब बरोबर मध्यावर. जणू कुणीतरी मुद्दाम, पुढे कुणी भिंग घेऊन बसेल हे ओळखून, एकही खूण ठेवली नाही. उरलं भोक. नाण्याला कडेजवळ एक भोक आहे, गळ्यात घालायला किंवा खिळ्याला अडकवायला पाडलेलं. एच. एम. सुलट धरलं तर ते वर येतं. म्हणजे भाची बरोबर? पण भिंगाखाली नीट पाहिलं तर भोक टिंबांच्या कड्यातून आरपार गेलेलं आहे, दोन टिंबं अर्धी कापून. कोरणाऱ्याला भोक पडणार हे माहीत असतं तर त्यानं कडं तिथे थांबवलं असतं. तेव्हा भोक नंतरचं. किती नंतरचं? त्याच महिन्यात, ज्याला दिलं त्यानंच पाडलेलं? की दोन पिढ्यांनी, माझ्यासारख्याच कुणी, आहे त्या बाजूनं वाचून?

लंडनमध्ये एक अनाथालय होतं, फाउंडलिंग हॉस्पिटल. थॉमस कोरम नावाच्या निवृत्त दर्यावर्दी माणसानं खटपट करून १७३९ मध्ये त्याची सनद मिळवली, १७४१ पासून तिथे तान्ही मुलं घ्यायला सुरुवात झाली. आई मूल ठेवून जाई. आत गेल्यावर मुलाला नवं नाव मिळे. आईचं नाव कुठेच लिहून घेतलेलं नसे, म्हणून ती एखादी खूण ठेवून जाई. कापडाचा तुकडा, बटण, अर्धं कापलेलं नाणं, किंवा घासून त्यावर अक्षरं कोरलेलं. पुढे कधी परिस्थिती सुधारली आणि मूल परत न्यायला आली, तर तिनं ती खूण सांगायची. अमुक तारखेला, अमुक नाणं, त्यावर अमुक अक्षरं. ती खूण कागदात घडी घालून, लाखेनं बंद करून, वर आकडा टाकून ठेवत. मुलाला ती कधीच दाखवत नसत. १७४१ ते १७६० दरम्यान १६,२८२ मुलं तिथे आली. त्यांतली १५२ परत नेली गेली.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा नाणं हातातच होतं.

माझ्या पेनीचा त्या अनाथालयाशी काही संबंध नाही, ती पाडली गेली तोवर तो खुणांचा काळ संपून गेला होता, तिथे पावती द्यायला लागले होते. पण त्या खुणांचं पुढे जे झालं ते मला राहून राहून आठवतं. एकोणिसाव्या शतकात कुणाला तरी वाटलं की ही बंद कागदांतली नाणी, बटणं, अंगठ्या लोकांनी पाहिली पाहिजेत. म्हणून ती कागदांतून काढून एका पेटीत मांडली. पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले असतील. पण नाणं कागदातून निघालं आणि आकडा कागदातच राहिला. कोणती खूण कोणत्या मुलाची, ते तुटलं. संशोधकांनी अलीकडे नोंदींतली वर्णनं वाचून, घड्या आणि भोकं जुळवून काही खुणा पुन्हा आपापल्या कागदांशी लावल्या. बाकीच्या काचेमागे आहेत, सुंदर दिसतात. ज्या वस्तू ओळख पटावी एवढ्याच एका कामासाठी केल्या होत्या त्यांचीच ओळख गेली, आणि तीही कुणी वाईट हेतूनं घालवली नाही. आपुलकीनंच गेली. मी पाकिटातून नाणं काढलं तेही आपुलकीनंच.

काकांनी ते का बाद केलं असेल, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. सुरुवातीला वाटलं होतं, ते कडक शिस्तीचे, विद्रूप नाणं त्यांना सहन झालं नसेल. पण बाद नाण्याचं वजन कुणी करत नाही. ते २५.८ पेन्सिलीनं आहे, दशांशासकट. म्हणजे एका संध्याकाळी त्यांनीही ते काढलं, तराजूवर ठेवलं, पुन्हा आत सरकवलं. अक्षरांबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही. डब्ल्यू. एच. नाही, एच. एम. नाही. जे मोजता येतं ते मोजलं आणि बाकीचं पाकिटात बंद केलं. मला त्यांचा थोडा रागही येतो, एखादा शब्द लिहायला काय झालं होतं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं की माझ्या ‘बहुधा विल्यम’पेक्षा त्यांचं गप्प राहणं जास्त स्वच्छ होतं. कोरणाऱ्यानं तारीख घातली नाही, नाव घातलं नाही, कारण ज्या हातात ते जाणार होतं त्याला त्याची गरजच नव्हती. त्या माणसाला नाणं उलटं दिलं असतं तरी त्यानं सुलटच वाचलं असतं.

चिठ्ठी मी फाडली. नवी लिहिली : पेनी, १७९७, एक बाजू घासलेली, टिंबांनी कोरलेली दोन अक्षरं, नंतरचं भोक. काकांचं वजन खाली लिहिलं, त्यांच्यासारखंच पेन्सिलीनं. ‘बाद’ पाकिटातून काढून ते नाणं मी वहीत ठेवलं, पारदर्शक गोल कप्प्यात. कप्पा नाण्यापेक्षा किंचित मोठा आहे. ठेवताना मी भोक वर केलं होतं. परवा भाची आली, तिला दाखवायला वही उघडली, तर पानं उलटताना नाणं कप्प्यातल्या कप्प्यात फिरलं होतं आणि भोक डावीकडे, जरासं खाली आलं होतं. अक्षरं आडवी पडली होती. भाचीनं मान वाकडी केली, मीही केली, दोघींच्या माना वेगवेगळ्या बाजूंना.